लाल तेल आणि 'लाइफटाइम' या शब्दाचा अर्थ

गाडीचं मॅन्युअल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी माणसं आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स ॲग्रीमेंट वाचून मग 'आय ॲग्री' दाबणारी माणसं, या दोन्ही जमाती सारख्याच दुर्मिळ. पण कधी निवांत वेळ मिळाला तर एखाद्या ऑटोमॅटिक गाडीच्या मॅन्युअलमधलं मेंटेनन्सचं पान उघडून बघा. इंजिन ऑइल अमुक किलोमीटरला, एअर फिल्टर तमुक किलोमीटरला, कूलंट इतक्या वर्षांनी, सगळं कसं व्यवस्थित टेबलात मांडलेलं असतं. ट्रान्समिशन फ्लुइडच्या ओळीत मात्र बऱ्याच गाड्यांमध्ये काहीच आकडा नसतो. किंवा एकच शब्द असतो, 'लाइफटाइम'. म्हणजे बदलायची गरज नाही, आयुष्यभर पुरेल.

वाचून बरं वाटतं. मग डोक्यातला क्यूए इंजिनिअर जागा होतो आणि विचारतो, कुणाच्या आयुष्यभर? गाडीच्या? गिअरबॉक्सच्या? की वॉरंटीच्या? कारण तेल मेलं की गिअरबॉक्स मरतो, आणि गिअरबॉक्स मेला की तेलाचंही आयुष्य संपतं. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या 'लाइफटाइम' हा दावा कधीच खोटा ठरू शकत नाही! स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे :)

गंमत अशी की हा शब्द आजचा नाही. जवळजवळ साठ वर्षं जुना आहे. आणि त्याआधी अमेरिकेत एक मोठा काळ असा होता की सामान्य माणूस शनिवारी सकाळी घरासमोर गाडीखाली शिरून हे तेल स्वतः बदलत होता. तो काळ कसा आला आणि कसा गेला, ही आजची गोष्ट. वाटेत एक देवमासाही भेटणार आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

*

सुरुवात करू ऑक्टोबर १९३९ पासून. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स बाजारात आणला. जादा किंमत ५७ डॉलर. क्लचचं पेडलच नाही. मोठ्या संख्येने बनवून विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यामागचा मुख्य माणूस अर्ल थॉम्प्सन. याच माणसाने आधी सिंक्रोमेश शोधून काढून साध्या गिअरबॉक्समधली खरखर घालवली होती. म्हणजे आधी गिअर टाकणं सोपं केलं, आणि मग गिअर टाकणंच रद्द केलं. याला म्हणतात स्वतःचंच प्रॉडक्ट कालबाह्य करणं.

आपल्यासारख्या लोकांना हायड्रामॅटिक समजायला सोपा आहे, कारण तो खरं म्हणजे तेलावर चालणारा कॉम्प्युटर होता. गाडीचा वेग वाढला की एका बाजूने तेलाचा दाब वाढायचा. ॲक्सिलरेटर दाबला की दुसऱ्या बाजूने दाब वाढायचा. मधे एक व्हॉल्व्ह. वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर, ॲक्सिलरेटरचा दाब जिंकला की खालचा. झालं तुमचं 'इफ-एल्स'. ना तारा, ना चिप. सगळं लॉजिक लोखंडात कोरलेल्या नाल्यांमधून वाहणाऱ्या तेलावर.

आता या तेलाकडे किती कामं होती ते मोजा. इंजिनची शक्ती चाकांच्या दिशेने पोचवायची. दाबाचे सिग्नल वाहून न्यायचे. गिअर आणि बेअरिंगना वंगण द्यायचं. उष्णता बाहेर काढायची. आणि पाचवं काम सगळ्यात विचित्र. आतल्या क्लच प्लेट तेलात बुडालेल्या असतात, त्यांनी एकमेकींना पकडायचं. म्हणजे एकाच तेलाने एकीकडे घसरू द्यायचं आणि दुसरीकडे घसरू द्यायचं नाही. सासू आणि सून दोघींना एकाच वेळी खूश ठेवण्याइतकं अवघड काम!

हे पाचवं काम नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यापाशी येते. घरातलं जड लाकडी कपाट फरशीवरून ढकलताना काय होतं? आधी ते हलतच नाही. मग एकदम सुटतं, परत अडकतं, परत सुटतं. थांबलेलं असतानाचं घर्षण सरकत असतानाच्या घर्षणापेक्षा जास्त असतं म्हणून. क्लच प्लेटचंही तसंच. पकड बसतानाच्या शेवटच्या क्षणी घर्षण एकदम वाढलं तर गाडीला हिसका बसतो, किंवा ती थरथरते. हे टाळायला तेलात एक घटक मिसळावा लागतो, जो तो शेवटचा क्षण मऊ करतो. त्याला फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. प्रमाण थोडंसं, पण भाजीतल्या मिठासारखं. नसेल तर पहिल्याच घासाला कळतं.

*

सुरुवातीला हे तेल म्हणजे कंपनीचं खास प्रकरण होतं. मग १९४९ मध्ये जीएमने एक मोठं काम केलं. 'टाइप ए' नावाचं स्पेसिफिकेशन काढलं आणि सांगितलं की कुठल्याही ऑइल कंपनीने हे तेल बनवावं, फक्त नमुना तपासून घ्यावा. तपासणी शिकागोची आर्मर रिसर्च फाउंडेशन करायची. पास झालेल्या तेलाला नंबर मिळायचा आणि तो डब्यावर छापला जायचा.

आपल्या भाषेत सांगायचं तर एपीआय पब्लिक झाला. आता ब्युइक काय आणि डॉज काय, कुठल्याही गावातल्या पेट्रोल पंपावर किंवा दुकानात नंबर बघून डबा उचलायचा आणि घरी जाऊन ओतायचा. घरच्या घरी तेल बदलण्याची जी अमेरिकन परंपरा आहे तिचं श्रेय आपण सहसा त्यांच्या 'स्वतः करा' वृत्तीला देतो. वृत्ती होतीच. पण नुसत्या वृत्तीने काय होतं? डब्यात काय आहे हे जर फक्त कंपनीलाच माहीत असतं तर तो बापडा गाडीखाली शिरून करणार काय?

गाड्याही तशाच बनत होत्या. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक गाड्या ऑटोमॅटिक होत्या. बॉनेट उघडलं की ट्रान्समिशनची वेगळी डिपस्टिक. अनेक मॉडेलमध्ये खालच्या चेंबरला ड्रेन प्लग, आणि शिवाय टॉर्क कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग. दोन पाने फिरवले की जवळजवळ सगळं जुनं तेल बाहेर. रंगसुद्धा मदतीला होता. ट्रान्समिशनचं तेल लाल असतं ते निसर्गतः नव्हे, त्यात रंग घातलेला असतो. गाडीखाली लाल डाग दिसला तर गिअरबॉक्स गळतोय, काळा-तपकिरी दिसला तर इंजिन. ड्रायव्हवेच्या काँक्रीटवर उमटणारा एरर कोड!

टाइप ए नंतर १९५७ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, आणि १९६७ मध्ये 'डेक्स्रॉन'. हे नाव जीएमने ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. आधीचा टाइप 'ए', म्हणून डेक्स्रॉनच्या लायसन्स नंबरांची सुरुवात 'बी' अक्षराने. पुढे डेक्स्रॉन टूमध्ये सी, डी, ई आणि डेक्स्रॉन थ्रीमध्ये एफ, जी, एच. व्हर्जन नंबर रोमन आकड्यांत आणि बिल्ड नंबर अक्षरांत. आपल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा जास्त शिस्त.

*

आता देवमासा.

त्या काळच्या तेलात फ्रिक्शन मॉडिफायर म्हणून जे वापरलं जायचं ते होतं स्पर्म व्हेलचं तेल. होय, तोच 'मॉबी डिक' वाला देवमासा. त्याच्या डोक्यातून आणि चरबीतून निघणारं हे तेल रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेल नसून द्रवरूप मेण असतं. बाकी प्राणिज चरबी तापली की बिघडते, चिकट होते. हे टिकतं. गंधकाबरोबर प्रक्रिया केली की धातूच्या पृष्ठभागाला फार छान धरून राहतं. हिसका घालवायला इतकं उत्तम आणि स्वस्त दुसरं काही मिळत नव्हतं. अमेरिकन सरकारच्या संरक्षणविषयक राखीव साठ्यातसुद्धा स्पर्म तेलाची पिंपं होती.

आपल्याला शाळेपासून वाटत असतं की देवमाशांची शिकार ही शिडांच्या जहाजांची, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. रॉकेल आलं, दिव्यातलं व्हेल तेल गेलं, देवमासे वाचले. छान गोष्ट आहे, पण खरी नाही. विसाव्या शतकात साडेसात लाखांहून जास्त स्पर्म व्हेल मारले गेले, म्हणजे आधीच्या दोन शतकांत मिळून मारले गेले असा जो अंदाज आहे त्याच्या दुपटीहून जास्त. एकट्या १९६४ या वर्षात सुमारे २९ हजार. माणूस चंद्रावर जायची तयारी करत होता त्या काळात! वंगण, कातडी कमावण्याचे कारखाने, सौंदर्यप्रसाधनं अशी या तेलाची अनेक गिऱ्हाइकं होती आणि त्यांतलं एक होतं ऑटोमॅटिक गाड्यांचं गिअरबॉक्स.

मला या इतिहासातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हा वाटतो. शनिवारी सकाळी स्वतःच्या घरासमोर, मुलाला हाताशी घेऊन प्रामाणिकपणे गाडीचं तेल बदलणाऱ्या माणसाला आपल्या नरसाळ्यातून देवमासा ओतला जातोय याची कल्पनाच नव्हती. डब्यावर लायसन्सचा नंबर होता, देवमाशाचं नाव नव्हतं. स्पेसिफिकेशन सांगतं की तेलाने कसं वागायचं. आत काय घालायचं हे सांगत नाही. आपणही रोज कुठली ना कुठली लायब्ररी वापरतो, तिच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. कुठेतरी तळाशी कुणीतरी किंमत मोजत असतं. आपल्याला फक्त बिल्ड पास झालेलं दिसतं.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला नामशेष होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद होत गेली. कॅलिफोर्नियात रिचमंडला अमेरिकेतलं शेवटचं व्हेलिंग स्टेशन होतं, ते १९७१ मध्ये बंद झालं. १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि १९७३ मध्ये धोक्यातल्या प्रजातींचा मोठा कायदा. तीनचार वर्षांत एक डिपेंडन्सी डेप्रिकेट नव्हे, थेट डिलीट झाली.

जीएमने त्याच सुमारास डेक्स्रॉन टू आणलं, देवमाशाविना. आणि अपेक्षेप्रमाणे पहिल्याच आवृत्तीत बग निघाला. नव्या रसायनामुळे रेडिएटरच्या आतल्या ट्रान्समिशन कूलरचे डाख दिलेले जोड खराब होऊ लागले. तिथे गळती झाली की कूलंट आणि ट्रान्समिशन फ्लुइड एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी फेस होतो. अमेरिकन मेकॅनिक त्याला 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' म्हणतात. नाव गोंडस आहे, पण त्याचं बिल बघून कुणी हसत नाही. मग गंजरोधक घालून पुढची, म्हणजे 'डी' आवृत्ती काढावी लागली.

पर्यायांच्या शोधात शास्त्रज्ञ ॲरिझोनाच्या वाळवंटात पोचले. तिथे जोजोबा नावाचं झुडूप उगवतं, त्याच्या बियांत बरोबर स्पर्म व्हेलसारखंच द्रवरूप मेण असतं. वनस्पतीच्या जगात हा प्रकार जवळजवळ एकमेव. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यावर अहवालसुद्धा काढला. पण झुडपाला फळ धरायला काही वर्षं लागतात आणि गाड्यांचे कारखाने तोवर थांबत नाहीत. शेवटी गिअरबॉक्सची जागा प्रयोगशाळेतल्या कृत्रिम रसायनांनी घेतली आणि जोजोबा गेला सौंदर्यप्रसाधनांत. राजस्थानातही त्याची लागवड झाली. तुमच्या शॅम्पूच्या बाटलीवर जोजोबा लिहिलेलं असेल तर लक्षात ठेवा, एके काळी तो देवमाशाच्या जागेसाठी इंटरव्ह्यू देऊन आला होता.

*

पुन्हा 'लाइफटाइम'कडे येऊ.

ज्या वर्षी जीएमने डेक्स्रॉन आणलं त्याच वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये, फोर्डने स्वतःचं वेगळं 'टाइप एफ' तेल आणलं. फोर्डचं तत्त्वज्ञान उलटं. त्यात फ्रिक्शन मॉडिफायर नाही, क्लचने कचकन पकडायचं. आणि हे तेल बदलावंच लागू नये, गाडीच्या आयुष्यभर पुरावं, असा त्यामागचा हेतू होता. 'लाइफटाइम' हा शब्द ट्रान्समिशनच्या जगात रुळला तो इथून. पुढे फोर्डची तेलं अनेकदा बदलली. आयुष्य तेच राहिलं, लाइफटाइम फ्लुइड मात्र नवीन नवीन येत गेली.

बाकी कंपन्यांनी शब्द लगेच उचलला नाही, पण दिशा तीच. साठच्या दशकात जीएमच्या गाड्यांत साधारण दर २४ हजार मैलांनी तेल बदला असं सांगितलं जायचं. ऐंशीच्या दशकात तोच आकडा सामान्य वापरासाठी १ लाख मैलांवर गेला. तेलं सुधारली होती हे खरंच आहे. पण मॅन्युअलमधला 'सामान्य वापर' म्हणजे काय हे जरा वाचा. कडक उन्हात शहरी ट्रॅफिकमध्ये चालवणं, डोंगराळ भागात चालवणं, मागे ट्रेलर ओढणं, टॅक्सी म्हणून वापरणं हे सगळं 'खडतर वापरात' मोडतं, आणि त्याचा आकडा १५ हजार मैल असायचा. उष्णता हा तेलाचा खरा शत्रू. ढोबळ नियम असा की तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढलं की तेलाचं आयुष्य अर्धं होतं. तेव्हा शहरात राहणारे आपण बहुतेक सगळेच 'खडतर' वाले.

दरम्यान गाडीखाली शिरणाऱ्या माणसाची वाट एकेक करून बंद होत होती. चेंबरचा ड्रेन प्लग अनेक मॉडेलमधून गेला. आता सगळे बोल्ट काढून अख्खा चेंबर उतरवायचा, म्हणजे तेलाची आंघोळ ठरलेली. कन्व्हर्टरचा प्लगही हळूहळू गेला, त्यामुळे जवळपास निम्मं किंवा जास्तच जुनं तेल आतच राहू लागलं. कारखान्यात एक प्लग वाचला की काही सेंट वाचतात, आणि गाड्या लाखांनी बनतात. यात कुणाचा कट वगैरे नाही, साधा हिशोब. पण तो हिशोब मांडताना टेबलावर गिऱ्हाइकाची खुर्ची रिकामी होती.

न्यायाने एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने अमेरिकेत गिऱ्हाइकाला मोठा आधार दिला. फक्त स्वतः किंवा बाहेर सर्व्हिसिंग केलं म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, आमच्याच ब्रँडचं तेल विकत घ्या अशी सक्ती करता येत नाही. म्हणजे कायदा म्हणाला 'तू करू शकतोस', आणि डिझाइन म्हणालं 'करून दाखव'.

*

दुसरी बाजूही आहे. घरी तेल बदलणारा माणूस चुकीचं तेल ओतू शकतो, आणि कंपनीला ही भीती उगाच नसते. क्रायस्लरने १९८९ मध्ये 'ए ६०४' नावाचा चार गिअरचा, कॉम्प्युटरवर चालणारा नवा गिअरबॉक्स आणला. त्याला कंपनीचं स्वतःचं वेगळं तेल लागायचं. पण गाडीबरोबर आलेल्या सूचनांत डेक्स्रॉनही चालेल असा उल्लेख राहून गेला. डेक्स्रॉन कुठेही मिळत होतं, लोकांनी ते ओतलं. गिअरबॉक्स थरथरू लागले, बिघडू लागले. त्या गिअरबॉक्सला इतर दुखणीही होती, पण त्याच्या बदनामीत या एका ओळीचा वाटा मोठा. डॉक्युमेंटेशन ही शेवटच्या दिवशी उरकायची गोष्ट नाही हे मॅनेजरला पटवायचं असेल तर हे उदाहरण द्या.

पुढे प्रत्येक कंपनीचं तेल वेगळं होत गेलं. १९४९ चा 'कुणाचंही घ्या, नंबर बघा' हा करार विरत गेला. जीएमने २००५ मध्ये पातळ, सिंथेटिक घटकांचं डेक्स्रॉन सिक्स आणलं आणि २००६ च्या अखेरीस डेक्स्रॉन थ्रीची लायसन्स देणं बंद केलं. टोयोटाने 'वर्ल्ड स्टँडर्ड' नावाचं तेल आणलं, आणि त्याबरोबर अनेक मॉडेलमधून डिपस्टिकच गायब झाली. आता पातळी बघायची तर गाडी सपाट उचलून, तेल ठराविक तापमानावर आणून, खालचा चेक प्लग उघडायचा आणि बारीक धार येते का ते पाहायचं. डिपस्टिक गेली याचा अर्थ फक्त एक लोखंडी पट्टी गेली असा नाही. मालकाला आत डोकावता येत होतं, ती खिडकी गेली.

आणि आता या गोष्टीतला माझा सर्वात आवडता विरोधाभास. झेडएफ ही जर्मन कंपनी गिअरबॉक्स बनवते, ते बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांत बसतात. गाडी विकणारे वर्षानुवर्षं सांगत आले की आतलं तेल लाइफटाइम आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलायचा सल्ला देते, आणि त्यासाठी तेल, फिल्टर, बोल्ट असा तयार संचही विकते. यंत्र तेच, तेल तेच, आयुष्यं दोन. कारण एकाला गाडी विकायची आहे आणि कागदावर मेंटेनन्सचा खर्च कमी दिसायला हवा आहे. दुसऱ्याला आपलं यंत्र टिकायला हवं आहे.

*

तर मग घरी बदलायचं की नाही?

अमेरिकेत पहिली सेकंडहँड कॅमरी किंवा अकॉर्ड घेतलेल्या कितीतरी मराठी मंडळींनी हा प्रश्न स्वतःला विचारलाय. त्या गाड्यांच्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये सुदैवाने ड्रेन प्लग आणि डिपस्टिक दोन्ही आहेत, त्यामुळे काम इंजिन ऑइलइतकंच सोपं. गाडी थोडी चालवून तेल कोमट करायचं. जॅकने उचलली तरी खाली पक्के स्टँड लावल्याशिवाय शिरायचं नाही, यात तडजोड नाही. प्लग उघडायचा, निघालेलं तेल मापून घ्यायचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं तंतोतंत तेच तेल तेवढंच नरसाळ्यातून भरायचं. तीनचार लिटर निघतं, बाकी आतच राहतं. म्हणून काही लोक थोड्या थोड्या दिवसांनी हेच दोनतीनदा करतात. जास्त भरलं तर फेस होतो, तेव्हा 'असू दे थोडं जास्त' हा घरगुती न्याय इथे चालत नाही. चेंबर उतरवला असेल तर आतलं चुंबक बघा. करडी, बारीक भुकटी चालेल. चमकणारे तुकडे दिसले तर बातमी वाईट आहे.

आणि ते काढलेलं तेल गटारात नाही! वापरलेलं तेल तिथली अनेक ऑटो पार्ट्सची दुकानं फुकट परत घेतात. एका वेळचं काढलेलं तेल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगत आली आहे. देवमाशाला तेलातून बाहेर काढलं आणि तेल देवमाशाच्या पाण्यात सोडलं तर काय मिळवलं?

'जुन्या गाडीचं तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो' ही समजूत इथेही आहे, तिथेही आहे. बहुतेक वेळा होतं असं की गिअर घसरायला लागल्यावरच लोकांना तेल आठवतं. गिअरबॉक्स तेव्हा आधीच शेवटच्या घटका मोजत असतो, आणि नाव नव्या तेलाचं होतं. दवाखान्यात माणसं मरतात म्हणून दवाखान्यात जाऊ नये, असंच ते.

पुण्या-मुंबईतल्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे 'ऑटोमॅटिक' म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी या गोष्टीतली नाही. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी एएमटी आली ती म्हणजे आपला नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. त्यात हे लाल तेल नसतं, साधं गिअर ऑइल असतं. सीव्हीटीचं तेल वेगळं, ड्युअल क्लचचं वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरवाल्याचं वेगळं. एकाचं दुसऱ्यात गेलं तर ए ६०४ ची आठवण होईल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली झोपायला सेक्रेटरी परवानगी देणार नाहीत, मान्य. पण सर्व्हिस सेंटरमध्ये तीन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या गाडीत नेमका कुठला गिअरबॉक्स आहे? त्यात कुठल्या स्पेसिफिकेशनचं तेल आहे? आणि तुम्ही 'लाइफटाइम' म्हणता ते किती किलोमीटरचं?

तिसऱ्या प्रश्नाला बहुधा एक स्मितहास्य मिळेल. तरी विचारा. कंपनीने आयुष्य मोजायचं ठरवलं की ते साहजिकच तिच्या सोयीने मोजलं जातं, आणि १ लाख किलोमीटरनंतरची गाडी कंपनीच्या हिशोबात नसते. ती असते तुमच्याकडे, किंवा तुमच्याकडून विकत घेणाऱ्या कुणा तिसऱ्याकडे, ज्याने पहिल्या गाडीसाठी पै पै जमवलेली असते. १९४९ च्या त्या डब्यावरच्या नंबराने एक साधी गोष्ट केली होती. यंत्राच्या आत काय आहे हे विचारायचा हक्क त्याने मालकाच्या हातात दिला. अर्धाच दिला, देवमासा लपवलाच. तरी दिला. तो वापरायची सवय गेली तर ड्रेन प्लगसारखाच तोही एक दिवस काही सेंट वाचवायला काढून टाकला जाईल.

असो. या वीकेंडला एवढंच. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या ओळीत काय लिहिलंय ते एकदा बघा, आणि मला नक्की कळवा.